गोल, बाण आणि नागोरावांची प्रीती

नागोराव मास्तरांच्या प्रीतीला कंपनीनं काढून टाकलं आणि आता ती घरी बसून रांगोळीचे क्लास घेणार, ही बातमी आमच्या गल्लीत बयनाबाईनं आणली. बयनाबाई चार घरची भांडी घासते, त्यामुळे तिच्या बातमीला चार घरचं पाणी लागलेलं असतं. बातमी मी उठवली नाही, हे आधीच सांगते. ती दारात आली, मी तिला बसायला पाट दिला, चहा पाजला आणि दिवेलागणीच्या आत गल्लीच्या टोकापर्यंत पोचवून आले, एवढंच.

पुरावा तर डोळ्यांपुढं होता. आमच्या आणि मास्तरांच्या घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. तिच्यावरून सहज नजर गेली की दिसायचं: अंगणातल्या शहाबादी फरशीवर खडूनं काढलेले गोल, गोलांतून निघालेले बाण, बाण जिथं टोचतात तिथं आणखी गोल. समोरच्या तेलुगू घरात मुग्गू, म्हणजे त्यांची रांगोळी, काढतात तो सकाळी एकदाच, मग तो दिवसभर पायाखाली विरत जातो. प्रीतीचं तसं नाही. ही सकाळी काढायची, दुपारी अर्धं पुसायची, पुसलेल्या जागी वेगळंच काहीतरी काढायची, लांब उभी राहून बघायची आणि तेही पुसायची. हाताला काम असलेलं माणूस असं करेल काय? झालं. दोन आया आपापल्या मुली घेऊन, मुलींच्या हातात रांगोळीचे डबे देऊन, मास्तरांच्या फाटकाशी नाव लावायला उभ्या राहिल्या.

प्रीती बाहेर आली. पस्तिशीची असेल. केस पेन्सिल खोचून वर बांधलेले, ओढणीवर खडूचा पांढरा पट्टा.

"रांगोळी? मले तर साधं फूल काढता येत नाई."

"मंग हे काय व्हय?" एका आईनं फरशीकडं बोट केलं.

"हे ऑफिस व्हय."

आया गेल्या. मी भिंतीशीच होते, मी राहिले. तेव्हा खरं काय ते मला कळलं, आणि आता तुम्हालाही सांगते. प्रीतीला कोणी काढलेलं नव्हतं. उलट कंपनीला तिच्याशिवाय सुचत नव्हतं. ते गोल आणि बाण हेच तिचं काम होतं.

तिच्याविषयी थोडं सांगायला पाहिजे. नागोरावांचे आईबाप मुधोळकडं दुसऱ्यांच्या शेतात राबले. नागोराव शिकले, मास्तर झाले, हेडमास्तर होऊन निवृत्त झाले. अर्ध्या आदिलाबादला त्यांनी पाढे शिकवले, उरलेल्या अर्ध्याला उठाबशा. मुलगा नागेश तहसीलीत कारकून आहे. सून सुनयना उटनूरच्या पलीकडं डोंगरात एका उपकेंद्रावर नर्स आहे. प्रीती धाकटी. सातवीपर्यंत मराठी शाळा, मग तेलुगू, मग इंग्रजी, म्हणून ती तिन्ही भाषांत भांडते. इंजिनिअर होऊन हैदराबादला लागली आणि लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप काखेत मारून घरी आली, ती आलीच. लग्न का केलं नाही, हे मी तिला दर दिवाळीला विचारते. ती दर दिवाळीला मला विचारते की मी का केलं. त्यावर आमचे हे, म्हणजे गोपाळराव, आतल्या खोलीतून खोकतात.

त्या दिवशी मी भिंतीवरून विचारलं, "काय वो प्रीती, ऑफिसात झाडू मारून राह्यली का रांगोळी काढून राह्यली?"

"झाडूच समजा, काकू. या इकडं. गोपाळकाका पेपर वाचतात तवा काय करतात?"

"चष्मा लावतात."

"मंग?"

"मंग काढतात, पुसतात, पुन्हा लावतात. सवयच हाय त्यांची."

तिनं फरशीवर चार गोल काढले. पेपर, चष्मा काढणं, चष्मा लावणं, वाचणं. एकातून दुसऱ्यात बाण. मग टाचेनं मधले दोन गोल पुसून टाकले आणि पेपरातून निघालेला बाण सरळ वाचण्याला नेऊन जोडला.

"पेपर तोच, बातमी तीच. दोन कामं कमी झाली नं?"

मला तेव्हाच पटलं की या पोरीला आमच्या ह्यांच्यासोबत आठ दिवस ठेवलं तर ती अर्धा माणूस पुसून टाकेल, आणि उरलेला अर्धा जास्त चांगला चालेल.

तर कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम म्हणजे, ती म्हणाली, असंच एक चित्र. शेकडो गोल. एकेक गोल म्हणजे एकेक बारीक काम आणि बाण म्हणजे एकाचं केलेलं दुसऱ्याच्या हातात देणं. ती स्वतः सगळं चित्र पुसत बसत नाही. ती नियम लिहिते. चित्रात कुठंही अशी आकृती दिसली, तर तिथं तशी बसवा. काढणं आणि लगेच लावणं दिसलं, तर दोन्ही उडवा. एकाच पिठाच्या दोन कणका भिजवलेल्या दिसल्या, तर एकच भिजवा आणि दोन्हीकडं वाटून द्या. एखाद्या गोलातून निघालेलं कोणीच घेत नसेल, तर तो गोल काढून टाका. असे नियम कॉम्प्युटरला दिले की तो चित्रभर फिरून जागा हुडकतो आणि बदलत जातो. चित्र लहान होतं, प्रोग्रॅम जलद होतो. आधी फरशीवर हातानं करून बघायचं आणि मग मशिनला सांगायचं, ही तिची पद्धत. खडू मास्तरांच्या शाळेतले उरलेले.

"आणि एकच गोष्ट पाळायची," ती म्हणाली. "उत्तर बदललं नाई पाहिजे. उत्तर बदललं तर ती सुधारणा नोय, ती चोरी हाय."

ऐकायला सोपं वाटतं. पण एकदा ती दिवसभर डोकं धरून बसलेली दिसली. तिनं दिलेला एक नियम डावीकडचं उजवीकडं नेत होता आणि दुसरा उजवीकडचं डावीकडं आणत होता. मशीन बिचारं सकाळपासून तेच करत होतं, पंखा भणभणत होता, चित्र आहे तेवढंच. मी म्हटलं, यात काय विशेष? मी मिठाचा डबा ओट्यावर ठेवते, हे फळीवर ठेवतात, एकोणतीस वर्षं झाली. ती म्हणाली, "मंग तुमच्या घरातला बी एक नियम काढावा लागते." कोणता ते विचारायचं धाडस मी केलं नाही.

आता मुद्द्याचं. हा सगळा पसारा चालला होता तो सुनयनाच्या फोनसाठी.

सुनयनाच्या उपकेंद्राखाली डोंगरातले पाडे येतात. तिथल्या बायकांच्या अंगात रक्त कमी. सुनयना बोटातून रक्त काढायची, नमुना गावात पाठवायची, आणि कागद परत येईस्तोवर बाई कापूस वेचायला दुसऱ्या गावी निघून गेलेली असायची. तिला परत गाठायचं कुठं? एक बाळंतपण सुनयनाच्या डोळ्यांदेखत बिघडलं होतं. त्याविषयी ती बोलत नाही आणि मीही, नवल म्हणजे, कधी विचारलं नाही. प्रीतीच्या कंपनीनं काही डॉक्टरांसोबत बसून एक प्रोग्रॅम बनवला: खालची पापणी ओढायची, आतल्या लालीचा फोटो घ्यायचा, आणि रक्त कमी आहे की नाही ते फोननं तिथल्या तिथं सांगायचं. डोंगरात नेटवर्क नाही, त्यामुळे सगळा हिशेब फोनलाच करावा लागणार. आणि फोन म्हणजे सरकारनं नर्सेसना दिलेले ते. ते बदलता येत नाहीत, फेकताही येत नाहीत.

त्या फोनवर प्रोग्रॅम सुरू केला की बाई पापणी ओढून बसायची, तिचं पोर रडायचं, पोराला घेऊन ती मागं फिरून यायची, तरी पडद्यावरचं चक्र फिरतच. मग फोन तापायचा आणि पडदा काळा व्हायचा. डोंगरातल्या चाचणीचा दिवस ठरला होता. मोठे डॉक्टर येणार, फोन सुनयनाच्याच हातात असणार. त्या दिवशी प्रोग्रॅम चालला तर सगळ्या उपकेंद्रांना मिळणार, नाही तर गुंडाळून ठेवणार. प्रीतीचे साहेब, आदित्य नावाचे, हैदराबादच्या मराठी घरातले, त्यांनी फोनवर सांगून टाकलं होतं, "तो फोनच कमी ताकदीचा आहे. आपण तसं लिहून देऊ. यात तुझी चूक नाही."

"माझी चूक नाई हे मले माहीत हाय," प्रीती म्हणाली. "पण वहिनी कोणाला दाखवेल ते लिहून दिलेलं?"

आणि मग ते पुसणं आणि काढणं अंगणातून ओसरीत, ओसरीतून जिन्यात चढलं. हैदराबादच्या शहाण्यांनी एका जागी फोटो आडवा केला होता आणि पुढं दुसऱ्या जागी पुन्हा उभा केला होता. चष्म्याचंच प्रकरण, उडवलं. बारीक बारीक चार कामं एकामागून एक होती, प्रत्येक वेळी हातातलं खाली ठेवून पुन्हा उचलायचं. चारींचा मिळून एक गोल केला. चित्र आटत गेलं. एके दिवशी सुनयनाचा फोन हातात घेऊन ती भिंतीशी आली. "काकू, पापणी ओढा." मी ओढली. मी "थांब, कुंकू पसरलं काय" म्हणेस्तोवर उत्तर आलेलं: रक्त ठीक. ठीक! मला वाटलं होतं, भरपूर म्हणेल.

आठवडाभर आमची गल्ली खालच्या पापण्या ओढून उभी होती. नवखा माणूस आला असता तर डोळ्यांची साथ समजून परत गेला असता. प्रीतीकडं दोन फोन होते. एकात, तिच्या स्वतःच्या चांगल्या फोनात, जुना, संथ पण खरा प्रोग्रॅम, आणि दुसऱ्यात तिचा आटवलेला. प्रत्येकाला दोन्ही दाखवायची आणि उत्तरं जुळतात का बघायची. जुळायची. मास्तर जुळले, आमचे हे जुळले. मग बयनाबाई आली. जुना फोन म्हणाला, कमी. नवा म्हणाला, ठीक.

पुन्हा घेतलं. या वेळी दोन्ही म्हणाले, कमी. पुन्हा. एक कमी, एक ठीक.

बयनाबाईला मजा वाटली. "काऊन वो ताई, माझं रक्त येऊन जाऊन राह्यलं काय?"

प्रीती हसली नाही. चूक उलटी असती तर एखादीनं चार गोळ्या जास्त खाल्ल्या असत्या. ही चूक म्हणजे रक्त कमी असलेल्या बाईला ठीक म्हणून घरी पाठवणं. असा प्रोग्रॅम डोंगरात नेण्यापेक्षा न नेलेला बरा. आणि चूक नेहमी होत नव्हती, मधूनच व्हायची, त्यामुळे पकडायची कुठं? तिनं एकेक नियम तपासला. प्रत्येक नियम वेगळा घेतला की सरळ होता. चाचणी पुढच्या आठवड्यावर आली होती. ती जेवायची नाही, आणि जेवली तरी ताटातल्या वाट्यांची जागा बदलत बसायची.

अशातच मास्तरांच्या वरच्या मजल्याचा गृहप्रवेश आला. नागेशनं वर दोन खोल्या काढल्या होत्या. रविवारी भन्तेजींची वंदना, मग गल्लीला जेवण. सुनयनाच्या मागं ड्युटी, नागेशच्या मागं तहसील, म्हणून आखणी प्रीतीनं अंगावर घेतली. आखणी कशी? अर्थात फरशीवर. मंडप एक गोल, आचारी एक गोल, पाण्याचे ड्रम एक गोल. तिनं आचाऱ्याच्या दोन खेपा एक केल्या, खुर्च्या आणि पत्रावळी एकाच ऑटोत घातल्या. नागेश शेजारी उभा राहून कौतुकानं बघत होता. एका गोलाशी ती थांबली.

"हे काय हाय, दादा?"

"दुसरं बोलावणं."

इथं परगावच्या लोकांसाठी सांगते. आमच्याकडं कार्ड आधी देतात. पण कार्ड आलं म्हणून कोणी जेवायला उठत नाही. त्या दिवशी पानं मांडली की घरातलं माणूस प्रत्येक फाटकाशी येऊन म्हणतं, "चला, पानं वाढली." ते आल्याशिवाय स्वाभिमानी माणूस घराचा उंबरा ओलांडत नाही, मग पोटात कावळे ओरडोत की मोर नाचोत.

"कार्ड देल्लं," प्रीती म्हणाली, "फोनवर मेसेज टाकला, त्यात वेळ लिवली. मंग तेच बोलावणं पुन्हा काऊन? तीच घरं, तेच शब्द."

"दस्तूर हाय नं, प्रीती." तहसीलीतला माणूस, दुसरं काय म्हणणार?

"सारखेच दोन गोल हायेत. एक ठेवला, एक काढला." आणि टाच फिरवली.

रविवार उजाडला. वंदना ऐकू आली. भन्तेजींचं जेवण बाराच्या आत आटोपलं. वांग्याच्या भाजीचा आणि खिरीचा वास भिंत ओलांडून आमच्या घरात येऊन खुर्ची ओढून बसला. मी नारायणपेठ नेसून तयार, हे इस्त्रीच्या शर्टात.

"चाल नं," हे म्हणाले. "पुऱ्या तळून राह्यले."

"बोलावणं आलं काय?"

"शेजारी तर हाय आपण."

"म्हणून काय झालं? शेजाऱ्याले मान नसते?"

खिडकीतून पाहिलं तर समोरच्या घराचा पडदा हलत होता. त्याच्या पलीकडं मास्तरांचेच नात्यातले लोक राहतात, तेही ओसरीत नवे कपडे घालून बसलेले. अख्खी गल्ली नटून, भुकेली, आपापल्या घरात. आणि मास्तरांच्या मंडपात रिकाम्या खुर्च्यांच्या ओळीत एकटे नागोराव.

त्यांचा चेहरा मी भिंतीवरून पाहिला आणि माझी सगळी थट्टा जागच्या जागी वाळली. बोलावूनही लोक घरी जेवायला येत नाहीत, याचा अर्थ त्यांच्या पिढीनं या जिल्ह्यात फार वेगळा पाहिलेला आहे. त्यांनी पांढरा सदरा ओढून सरळ केला आणि फाटकाकडं बघणं सोडून दिलं.

प्रीतीनंही ते पाहिलं असणार, कारण ती धावतच आमच्या फाटकाशी आली.

"काकू! तुमी काऊन नाई आल्या?"

"बोलावणं कुठं आलं?"

"मेसेज केला होता नं!"

"तो तर सोमवारी आला."

"मंग? बोलावणं तेच तर..." ती तिथंच थांबली. मग जरा वेगळ्या आवाजात, "चला काकू, पानं वाढली," म्हणाली. आम्ही दोघं असे बाहेर पडलो जसे बांध फुटून पाणी. पुढच्या फाटकाशी ती तेच म्हणाली, तिथूनही माणसं निघाली. त्याच्या पुढच्या फाटकाशीही. शब्द तेच, सोमवारचेच. आणि गल्लीच्या मधोमध ही पोरगी एकदम उभी राहिली, हात तसाच वर, तोंड उघडं.

"फोटो," ती म्हणाली.

मला वाटलं, जेवणाआधी फोटो काढायचा आहे. मी पदर सावरला.

"दोन फोटो होते, काकू. मी एक करून टाकला!" आणि उरलेली तीन घरं तशीच सोडून ती घराकडं पळाली. सुनयना पळीसकट बाहेर आली आणि तिनं ती घरं बोलावली, नाही तर ते लोक अजून बसलेले असते.

पंगत बसली. मास्तर स्वतः खीर वाढत फिरत होते आणि प्रत्येकाला दुसऱ्यांदा आग्रह करत होते, आवाज वर्गात असायचा तसा. आणि दोन पंगतींच्या मध्ये, फरशीवर पालथी पडून, नव्या कपड्यांत प्रीती खडूनं गोल काढत होती. वाढणारे तिला ओलांडून जात होते. एका बाणावर वरण सांडलं.

प्रकार असा होता. मूळ प्रोग्रॅम पापणीचा फोटो एकदा नाही, लागोपाठ दोनदा घ्यायचा. माणूस आहे, पापणी हलते, हात कापतो. दोन फोटोंतला जो स्पष्ट असेल तो धरायचा. पण चित्रात ते दोन गोल अगदी सारखे दिसतात: फोटो घे, फोटो घे. कणकेचा नियम आला आणि म्हणाला, हे तर एकच काम दोनदा, एकच ठेवा, दोन्हीकडं वाटा. मग प्रोग्रॅम त्या एकाच फोटोला त्याच फोटोशी ताडून बघायचा आणि म्हणायचा, वा, हाच चांगला. फोटो स्थिर आला तर उत्तर बरोबर. हलला तर सगळीकडं लाली पसरलेली दिसायची आणि उत्तर यायचं, ठीक. बयनाबाईला स्थिर बसवत नाही, हे सबंध गल्लीला माहीत आहे.

"दोन आणि दोनाची बेरीज कितीबी वेळा केली तरी तेच येते," प्रीती हात धुताना मला सांगत होती. मी विचारलं नव्हतं, पण तिला कोणाला तरी सांगायचंच होतं. "ती एकदाच करा. पण कॅमेऱ्यानं पुन्हा पाहणं म्हणजे तेच पाहणं नोय. मधल्या वेळात बाहेरचं जग हललेलं असते. असे गोल वेगळे ठेवायले पाहिजेत."

तिनं लाल खडू घेतला. जो गोल बाहेरच्या जगाकडून काही आणतो किंवा बाहेर काही करतो, तो लाल. लाल गोल कितीही सारखे दिसले तरी एक करायचे नाहीत, कोणी काही घेत नाही म्हणून उडवायचे नाहीत, मागंपुढं करायचे नाहीत. मग सगळ्या नियमांना तिनं हे शिकवलं. शिकवल्यावर प्रोग्रॅम थोडा मंदावला, साहजिकच, दोन फोटो घ्यायला वेळ लागतोच. तिनं बाकीच्या पांढऱ्या गोलांवर आणखी हात फिरवला आणि गेलेलं बरंचसं परत मिळवलं. बयनाबाईला बोलावलं, हलू दिलं, गप्पा मारू दिल्या. दोन्ही फोन दर वेळी एकच बोलले: कमी. सुनयनानं तिथंच तिला गोळ्या दिल्या आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "काकू, हिले चहासोबत गुळाचा खडा बी देत जा." तेव्हापासून देते. तीही बातम्या जास्त आणते.

चाचणीला मीही गेले. जीपमध्ये डबे धरायला कोणीतरी पाहिजे होतं. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या आणि एक कडुलिंब. कापूस वेचणीवर जाण्याआधी बायका येऊन बसल्या होत्या, कमरेला ओट्या बांधलेल्या, निघायच्या घाईत. मोठे डॉक्टर होते, आदित्यसाहेब होते. डॉक्टर बोटातून रक्त काढून त्यांच्या यंत्रात तपासणार आणि सुनयना फोननं. कोणी कोणाला आधी सांगायचं नाही.

पहिलीच बाई पोटुशी होती. कडेवर एक पोर, ते तिच्या नाकातली फुली ओढतंय, ती मान हलवतेय, सुनयना गोंडीत तिला काही सांगतेय, ती हसतेय, आणि या सगळ्यात पापणी. मी प्रीतीकडं पाहिलं. ती कडुलिंबाला पाठ लावून उभी, डोळे फोनवर नव्हते, त्या बाईवर होते.

फोन तापला नाही. काळा पडला नाही. पोरानं फुली सोडून आईचे केस धरेस्तोवर सुनयनानं फोन खाली केला. "कमी," ती म्हणाली. "खूप कमी."

डॉक्टरांनी यंत्र बघितलं, चष्मा वर केला, पुन्हा बघितलं. "बरोबर आहे," म्हणाले. बाईला तिथंच बसवून घेतलं, ज्या जीपमध्ये मी डबे आणले तिच्यातूनच तिला दवाखान्यात न्यायचं ठरलं. वेचणीला ती गेली नाही. नंतर बसलेल्या बायकाही एकेक करून झाल्या. जिथं डॉक्टर कमी म्हणाले तिथं फोन कमी म्हणाला. डॉक्टरांनी हा प्रोग्रॅम सगळ्या उपकेंद्रांना द्या म्हणून सांगितलं. सुनयनानं प्रीतीच्या ओढणीवरचा खडू झटकला, आणि मग तोंड फिरवून बराच वेळ कापूस-पट्टीचा डबा आवरत बसली. आवरण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी पाहिलं.

आदित्यसाहेब मात्र मोकळ्या मनाचे. सगळ्यांसमोर म्हणाले, "प्रीती, मी हा फोन चालणारच नाही असं लिहून ठेवलं होतं. मानलं तुला." आणि मग साहेबच ते, एक पुस्ती जोडलीच: "पण एवढी हुशार मुलगी आदिलाबादला फरशीवर काय बसली आहेस? हैदराबादला ये. हेच काम तिथं बसून केलं असतंस तर किती लवकर झालं असतं."

प्रीती म्हणाली, "तिथं काय करू, सर? तिथं सगळ्यांकडं चांगले फोन हायेत. तिथं तर हे आधीपासूनच चालून राह्यलं होतं."